ती... ती नाही का!

दाराच्या कामाला आलेला सुतार आणि घरातले एक वयस्कर गृहस्थ यांचं बोलणं चाललं होतं. “कडी ठीक आहे रे, कडीचं काही नाही. ती... ती नाही का, दार जिच्यावर फिरतं ती...” इथे त्यांचा हात हवेत अर्धवर्तुळ काढून परत आला. “ब वरून आहे बघ काहीतरी. बि... बिल... छे!” सुताराने पिशवीतून मान वर न काढताच विचारलं, “बिजागरी का, काका?” “हां, बिजागरी! वरची सैल झालीय.” पुढचं बोलणं स्क्रूच्या मापावर गेलं आणि दोघंही ते चार-पाच सेकंद विसरून गेले. सहज कानावर पडलेला हा संवाद, पण त्यातलं एक कोडं काही केल्या डोक्यातून जात नाही. शब्द आठवत नव्हता, हे तर दिसतच होतं. मग ‘बिल’ने सुरू होणारा तो नव्हे, हे त्यांना कोणी सांगितलं? खोटं नाणं ओळखायचं तर खरं माहीत असावं लागतं, आणि खरं तर हरवलं होतं. शिवाय सुताराने शब्द उच्चारल्यावर ‘तोच असावा बहुतेक’ अशी चाचपणी झाली नाही. ऐकताक्षणी खात्री पटली.

या अवस्थेचं नेमकं वर्णन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1890 सालीच करून ठेवलं आहे. आठवत नसलेल्या नावाच्या जागी मनात पोकळी असते, पण ती नुसती रिकामी नसते. तिला आकार असतो, आणि त्या आकारात न बसणारी नावं ती लगेच परत पाठवते. यावर प्रयोग व्हायला मात्र 1966 साल उजाडावं लागलं. हार्वर्डमध्ये ब्राउन आणि मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. समुद्रावर कोन मोजून जहाजाची जागा ठरवण्याचं उपकरण कोणतं, अशा धाटणीच्या. कुणी शब्द पटकन सांगे, कुणाला तो मुळातच माहीत नसे. त्यांना रस होता तिसऱ्यांत, ज्यांचा शब्द जिभेच्या टोकावर येऊन अडला होता. अशा विद्यार्थ्यांना पहिलं अक्षर विचारलं, तर 57 टक्के वेळा ते बरोबर निघालं. शब्दात उच्चाराचे तुकडे किती आहेत, जोर कुठल्या तुकड्यावर पडतो, हेही पुष्कळदा जमलं. म्हणजे शब्द ‘आठवतो’ किंवा ‘आठवत नाही’ असा दोनच पर्यायांचा मामला नसतो. तो तुकड्यातुकड्यांनी येतो, आणि अर्थ आधी पोचून ध्वनीची वाट बघत उभा असतो.

मराठीत याचा आणखी एक पुरावा उघड्यावर पडलेला असतो. काकांनी ‘ते’ म्हटलं नाही, ‘तो’ म्हटलं नाही. ‘ती’ म्हटलं, आणि पाठोपाठ ‘जिच्यावर’. नाम अजून यायचं होतं, त्याचं लिंग मात्र येऊन बसलं होतं. बरं, बिजागरीत स्त्रीलिंगी असं काय आहे? धातूच्या दोन पट्ट्या आणि मधली सळई. वस्तूकडे बघून ते लिंग कळण्यासारखं नाही. ते त्या शब्दाचं आहे. इटालियन भाषिकांवर 1997 साली हाच प्रयोग झाला आणि हेच दिसलं. अडलेल्या नामाचा एकही ध्वनी सांगता न येणारी माणसं त्याचं लिंग मात्र योगायोगाने जमावं त्याहून कितीतरी जास्त वेळा बरोबर सांगत. याचा अर्थ मनात शब्द निदान दोन थरांत साठवलेला असतो. एका थरात अर्थ आणि व्याकरण, दुसऱ्यात ध्वनींची रांग. बोलताना आपण पहिल्यातून दुसऱ्यात उतरतो, आणि शब्द अडतो तो या दोहोंच्या मधल्या पायरीवर.

ही पायरी सगळ्या शब्दांसाठी सारखी भक्कम नसते. विशेषनामांची सर्वांत कच्ची, आणि वय वाढतं तशी ती आणखी सैल होत जाते. एक जुना प्रयोग मराठीत मांडायचा तर असा: एका अनोळखी चेहऱ्याखाली ‘हे सुतार आहेत’ असं व्यवसाय म्हणून सांगा, दुसऱ्याखाली ‘यांचं आडनाव सुतार’ असं सांगा. ध्वनी तेच, अक्षरं तीच. थोड्या वेळाने विचारलं तर व्यवसाय जास्त जणांना आठवतो, आडनाव कमी जणांना. सुतारकाम म्हटलं की रंधा, करवत, लाकडाचा भुसा अशा दहा वाटा त्या शब्दाकडे जातात. आडनावाकडे एकच वाट जाते, ती त्या एका माणसाची. ती बंद पडली की संपलं.

शब्द अडला की माणसं त्याच्याशी झटापट करतात, आणि तिथेच फसतात. जवळपासच्या ध्वनीचा एखादा चुकीचा शब्द पुढे येतो आणि हटत नाही. जितका जोर लावावा तितका तोच पुन्हा येतो. कॅनडातल्या वॉरिनर आणि हम्फ्रीज यांनी 2008 साली दाखवलं, की अडलेल्या अवस्थेत लोकांना 10 सेकंदांऐवजी 30 सेकंद झुंजत ठेवलं, तर पुढच्या चाचणीत तोच शब्द पुन्हा अडण्याची शक्यता वाढते. मेंदू शब्दाऐवजी अडणंच गिरवून ठेवतो. तेव्हा समोरच्याचा शब्द अडला असेल तर पहिलं अक्षर पुरवावं. तेवढ्याने पुष्कळदा काम होतं. कुणी जवळ नसेल तर सरळ शोधून काढावा आणि एकदा मोठ्याने म्हणावा. ‘आपोआप आठवेल’ म्हणून दात-ओठ खात बसण्यात काही पुरुषार्थ नाही.

आता याच्या उलट टोकाला जाऊ.

कोणताही साधा शब्द घ्या. ‘दार’च घ्या. सेकंदाला एक या गतीने, एकाच सुरात, अर्धा मिनिट तो मोठ्याने म्हणत राहा. पहिले पाच-सहा वेळा दार दिसतं. पुढे ते धूसर होतं, आणि मग एकाएकी तोंडात नुसता आवाज उरतो; जीभ दातांच्या मागे आपटते, मागे सरते, आणि हा आवाज लाकडाच्या त्या फळीला कुणी आणि का दिला, असं वाटू लागतं. घाबरायचं कारण नाही, दोन मिनिटांत अर्थ परत येतो. मानसशास्त्रज्ञांनी याची नोंद 1907 पासून केलेली आहे. मघाशी अर्थ होता आणि ध्वनी नव्हता, इथे ध्वनी आहे आणि अर्थ पळाला. याच प्रयोगात पुढे आणखी गंमत होते. ‘दार दार दार’ म्हणता म्हणता कान कुठेतरी भलतीकडेच तोडतो आणि ‘रदा रदा’ ऐकू येऊ लागतं. एकच शब्द टेपवर पुन्हा पुन्हा ऐकवला तर तो कानात बदलत जातो, हे इंग्लंडमध्ये 1950 च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत टिपलं गेलं. आपल्याला त्यात नवल वाटायला नको. वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ गाठल्याची गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते. भक्तीचा भाग बाजूला ठेवला, तरी त्या गोष्टीत ध्वनिशास्त्र पक्कं आहे. बोलण्याच्या प्रवाहात शब्दांच्या मधे फट नसते. यंत्रावर आवाजाचा आलेख काढला, तर शांततेची जागा बहुधा शब्दाच्या पोटातच सापडते, ‘प’, ‘ट’, ‘क’ म्हणताना हवा क्षणभर कोंडते तिथे. शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे ऐकणाऱ्याचं मन ठरवतं.

स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूरने जिनिव्हात 1907 ते 1911 या काळात दिलेल्या व्याख्यानांतून भाषिक चिन्हाची जी कल्पना रुजली, तिच्यात हीच दोन अंगं आहेत. एक ध्वनिप्रतिमा, दुसरी संकल्पना. चिन्ह म्हणजे या दोहोंची जोडी. वस्तू या जोडीत नाहीच, हे लक्षात ठेवण्याजोगं. प्रत्यक्ष दार बाहेर भिंतीत आहे, चिन्हात दाराची कल्पना आहे. स्वतः सोस्यूरने यावर पुस्तक लिहिलं नाही. 1913 साली तो गेला, आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून सहकाऱ्यांनी 1916 साली ग्रंथ सिद्ध केला. त्यात तो म्हणतो की ही दोन अंगं कागदाच्या दोन बाजूंसारखी आहेत. एक कापायला जावं तर दुसरी कापली जातेच. उपमा सुरेख आहे आणि शाळा-कॉलेजांत ती डोळे मिटून सांगितली जाते. पण एका माणसाच्या डोक्यापुरती ती बरोबर नाही. वर पाहिलंच की या बाजू रोज सुट्या होतात. मेंदूला इजा झाल्यावर तर त्या महिनोन् महिने सुट्या राहतात. कंगवा हातात घेऊन केस विंचरणारा, ‘केसांचं... केसांचं ते’ म्हणणारा आणि ‘कंगवा’ हा शब्द ऐकला की आनंदाने मान डोलावणारा रुग्ण वाचा-उपचार करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. कागद अखंड राहतो तो एकाच्या डोक्यात नाही, सगळ्यांच्या मिळून. काकांच्या बाजूने ध्वनी आणि अर्थ यांचा सांधा निखळला होता, तो सुताराकडे शाबूत होता. सोस्यूरही हे जाणून होता: भाषा कुणा एकात पूर्ण नसते, ती समूहातच पूर्ण असते, असं त्याचंच म्हणणं.

शब्द म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न आपल्याकडे त्याच्या फार आधी विचारला गेला आहे. पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलीने लिहिलेल्या महाभाष्याची सुरुवातच जवळजवळ तिथून होते: ‘गाय’ यात शब्द कोणता? ते समोरचं जनावर? नव्हे, ते द्रव्य. तिचं हलणं, डोळे मिचकावणं? ती क्रिया. पांढरा-काळा रंग? तो गुण. मग ज्याचा उच्चार झाला असता गळ्याखालची पोळी, शेपूट, वशिंड, खूर आणि शिंगं असलेल्या प्राण्याचं ज्ञान होतं, तो शब्द. किती नेटकी व्याख्या! वस्तूचे अवयव एकेक करून मोजले, पण ते शब्दाच्या बाहेर ठेवले. त्याच भाष्यात पुढे एक मिस्कील निरीक्षण आहे. घडा हवा असला की माणूस कुंभाराकडे जाऊन म्हणतो, घडा करून दे. शब्द हवे म्हणून वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘शब्द करून द्या, मला वापरायचे आहेत’ असं कुणी म्हणत नाही. अर्थ मनात आणून लोक सरळ बोलू लागतात. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य की संकेताने ठरलेला, यावर वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक आणि तर्कशास्त्रवाले नैयायिक शतकानुशतकं भांडले. मीमांसकांना तो अनादी वाटे, नैयायिकांना ठरवलेला. आजचा वाचक सहज नैयायिकांच्या बाजूने जातो. पण मीमांसकांच्या हट्टातही तथ्य आहे. ठरवलेला म्हणावा, तर कुणी ठरवला? ठरवणाऱ्यांना ठरवण्यासाठीसुद्धा शब्द लागलेच असतील. आपल्यापैकी प्रत्येकाला तो सांधा तयारच मिळाला आहे, आणि बदलू म्हटलं तर एकट्याने बदलता येत नाही.

ध्वनीचं अंग म्हणजे नुसता आवाज, असं मानलं तर मात्र घोटाळा होतो. एकच माणूस ‘दार’ दहा वेळा म्हणाला तर यंत्राला दहा वेगळे आलेख मिळतात. कान त्यांतला जवळजवळ सगळा फरक टाकून देतो आणि मोजके भेद तेवढे धरतो. कोणते धरायचे, हे भाषा ठरवते. ओठ उघडणं आणि कंठ कंप पावू लागणं यांत किती वेळ जातो, यावरून ‘प’, ‘ब’ आणि ‘फ’ बऱ्याच अंशी वेगळे होतात. हा फरक एका सेकंदाच्या काही शतांशांचा. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी 1964 साली ज्या 11 भाषांमध्ये हा वेळ मोजला, त्यांत मराठीही होती. ‘प-फ-ब-भ’ ही आपली चौकडी त्या मापात पुरती बसेना. ‘भ’ साठी वेळेबरोबर श्वासाचाही विचार करावा लागतो. ‘टाप’ आणि ‘ताप’ यांतला फरक आपल्याला ढळढळीत वाटतो. इंग्रजी भाषक प्रौढाला तो पुष्कळदा ऐकूच येत नाही. पण वर्कर आणि टीस यांनी 1984 साली दाखवलं, की इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ व्यवस्थित वेगळे ओळखतात. दहा-बारा महिन्यांची झाली की बहुतेकांची ती क्षमता ओसरलेली असते. पहिला शब्द तोंडातून निघण्याच्या सुमारासच कान काय ऐकायचं नाही ते शिकून घेतो. लिपी या कामात फारशी भरवशाची साथीदार नाही, हेही जाता जाता सांगून टाकावं. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा; ‘ज’ दोन आहेत, अक्षर एकच, आणि मराठी वाचणाऱ्याचं काही अडत नाही.

अर्थाचंही तसंच. ‘आपण जाऊ’ म्हटलं की ऐकणारा चपला शोधू लागतो. ‘आम्ही जाऊ’ म्हटलं की तो बसूनच राहतो. ज्या भाषेत या दोन जागांना मिळून एकच सर्वनाम आहे, तिथे त्या एकाची हद्द मोठी असते. ‘आम्ही’चा अर्थ ‘आपण’ शेजारी आहे म्हणून एवढा आखूड आहे. सोस्यूर याला मूल्य म्हणतो. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नागाने हेच दुसऱ्या टोकाकडून म्हटलं होतं: ‘गाय’ हा शब्द गायीचं काही दाखवत नाही, तो गाय नसलेलं बाकी सगळं बाजूला सारतो. पहिल्यांदा वाचताना हे उगाच वाकडं बोलणं वाटतं. पण शब्दकोशातल्या व्याख्या तपासल्या, तर ‘अमुक, पण तमुक नव्हे’ याच चालीने त्या चालतात.

या हद्दी विचारापर्यंत पोचतात का, यावर दोन्ही बाजूंनी बरंच अतिरंजित बोललं गेलं आहे. भाषा विचाराचा तुरुंग आहे असं एकीकडे, तर भाषेचा विचाराशी काडीचा संबंध नाही असं दुसरीकडे. प्रयोग यापेक्षा बारीक आणि जास्त मजेदार गोष्ट सांगतात. रशियनमध्ये फिक्या निळ्याला ‘गलुबोय’ आणि गडद निळ्याला ‘सीनी’ अशी दोन स्वतंत्र मूळ नावं आहेत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पडद्यावर निळ्याचे तीन चौकोन दाखवून विचारलं, की खालच्या दोहोंपैकी वरच्याशी जुळणारा कोणता. दोन पर्यायांच्या मधून गलुबोय-सीनीची सीमा जात असेल, तर रशियन भाषक काही अंशांनी चटकन उत्तर देत. इंग्रजी भाषकांना असा फायदा मिळत नव्हता. खरी गोम पुढे आहे. त्याच वेळी रशियन भाषकांना आठ आकडी संख्या मनातल्या मनात घोकायला लावली, तर हा फायदा नाहीसा झाला. म्हणजे शब्दाने डोळे कायमचे बदलले नव्हते. पाहण्याच्या त्या क्षणी तो चोरपावलांनी मदत करत होता, आणि त्याला दुसऱ्या कामाला जुंपताच मदत थांबली.

संख्यांच्या बाबतीत हेच जास्त ठसठशीत दिसतं. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन खोऱ्यातल्या पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्येची नावं नाहीत. त्यांच्यापुढे दोऱ्याची रिळं ओळीने मांडून तितकेच फुगे ठेवायला सांगितलं, तर ते एकासमोर एक ठेवत काम चोख करत. ओळ झाकली, किंवा रिळं एकेक करून डब्यात टाकली आणि मग फुगे मांडायला सांगितलं, की मोठ्या संख्यांना चुका सुरू. 2008 च्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की समानतेची कल्पना त्यांना आहे. नाही ते सात ही संख्या न बघता काही क्षण धरून ठेवायचं साधन. पुढे त्याच संशोधकांनी इंग्रजी भाषकांना सतत काहीतरी म्हणायला लावून तीच कामं दिली, तेव्हा त्यांच्याही चुका त्याच धर्तीच्या झाल्या. ‘सात’ हा शब्द साताला नंतर चिकटवलेलं लेबल आहे असं आपण समजतो. पण सात वस्तू नजरेआड झाल्यावर मनात जे शिल्लक राहतं, ते बहुतांशी तो शब्दच असतो.

इथे कुणीतरी हात वर करून विचारेलच, की ध्वनी आणि अर्थ यांचं नातं इतकं मनमानी असेल तर ‘खरखरीत’ का? रास्त शंका आहे. गुळगुळीत, तुळतुळीत, मऊ, लुसलुशीत हे शब्द एका बाजूला मांडा आणि खरखरीत, चरचरीत, खरबरीत, रखरखीत दुसऱ्या बाजूला. ‘र’ कुठल्या बाजूला गोळा झाला ते दिसतंच. तीनशेहून अधिक भाषांत स्पर्शाचे शब्द तपासल्यावर 2022 साली हेच आढळलं: जीभ थरथरवून काढलेला ‘र’ खडबडीतपणाच्या शब्दांत हटकून जास्त सापडतो. त्या ‘र’ मध्ये जीभ टाळूवर अनेकदा आपटते, म्हणजे उच्चारच मुळात खडबडीत. गोलसर आणि अणकुचीदार अशा दोन आकृत्यांपैकी ‘बूबा’ कोणती आणि ‘किकी’ कोणती, हा प्रश्न 25 भाषांच्या भाषकांना विचारून 2021 साली निकाल प्रसिद्ध झाला. सरासरी 72 टक्के लोकांनी गोल आकृतीला बूबा म्हटलं. सगळ्या भाषांत कौल सारखा पडला नाही, पण नुसता योगायोग म्हणून सोडून देता येईल असाही तो नाही. सोस्यूरने ध्वन्यनुकारी शब्दांना किरकोळ म्हणून बाजूला सारलं. सळसळ, खळखळ, टपटप, चकचकीत अशी पोतडी जवळ असलेल्या मराठी माणसाला तेवढं मान्य करणं जड जावं. तरीही मोठं चित्र त्याच्याच बाजूने राहतं. साधर्म्यावर उभारलेल्या भाषेची अडचण अशी, की सारख्या गोष्टींचे शब्द सारखेच ऐकू येतील. उजवा आणि डावा, काल आणि उद्या, या जोड्यांत अर्थ शेजारी-शेजारी आहेत. ध्वनीही शेजारी असते, तर गोंगाटात प्रत्येक वेळी गफलत झाली असती. ध्वनी लांब लांब ठेवता येतो, तो मनमानीमुळेच.

मूल हा सांधा जुळवतं कसं? व्याख्या देऊन नक्कीच नाही. प्रभाकराच्या परंपरेतल्या मीमांसकांनी मांडलेला प्रसंग आजही वाचण्यासारखा आहे. मोठा माणूस धाकट्याला म्हणतो, “गाय आण.” धाकटा काहीतरी घेऊन येतो. कोपऱ्यातलं पोर बघतं. त्याच्यासाठी ते सगळं वाक्य एक अखंड आवाज असतं. मग ऐकू येतं, “घोडा आण.” दुसरं जनावर येतं. मग “गाय बांध.” जनावर पहिलंच, कृती नवी. कुठला तुकडा बदलला की जगातलं काय बदलतं, याची अदलाबदल ताडत ताडत ते पोर शब्द सुटे करतं. आजच्या प्रयोगशाळांत पडद्यावर चित्रं आणि कानावर नवे शब्द देऊन वर्ष-सव्वा वर्षाच्या बाळांवर हेच करून पाहिलं जातं आणि बाळं त्यात उत्तीर्ण होतात. मुलं आणखी एक युक्ती वापरतात, ती घरी तपासता येते. तीन वर्षांच्या मुलासमोर एक ओळखीची वस्तू ठेवा, समजा चेंडू, आणि दुसरी त्याने कधी न पाहिलेली. “मला तो डोफा दे” म्हणा. चेंडूकडे न बघता ते अनोळखी वस्तू उचलतं. चेंडूला नाव आहे, तेव्हा नवं नाव दुसरीचंच असणार! हिशेब बरोबर आहे, पण ‘एका वस्तूला एकच नाव’ हे गृहीत चुकीचं आहे. त्यामुळेच आधी ‘कुत्रा’ शिकलेलं मूल “हा प्राणी आहे” म्हटल्यावर काही दिवस जोरात भांडतं.

मोठ्यांच्या व्यवहारात सांधा वेगळ्या ठिकाणी निसटतो. दोघांकडे ध्वनी तोच असतो, दोघांकडे अर्थही असतो, आणि दोन अर्थ एक नसतात. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुकं होतं. धावपट्टीच्या टोकाशी उभ्या असलेल्या विमानाला नियंत्रकाने उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. त्या सूचनेत ‘टेकऑफ’ हा शब्द होता. वैमानिकाने सूचना परत वाचली आणि शेवटी जोडलं, ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’. नियंत्रकाने त्याचा अर्थ घेतला, जागेवर तयार आहेत. विमान प्रत्यक्षात धावू लागलं होतं. नियंत्रक “ओके” म्हणाला, आणि पुढचं “थांबा, मी सांगेन” हे वाक्य त्याच क्षणी दुसऱ्या विमानाने संदेश पाठवल्यामुळे शिट्टीसारख्या आवाजात बुडालं. धावपट्टीवर ते दुसरं विमान होतं. 583 माणसं गेली. त्या दुर्घटनेची कारणं अनेक होती, पण भाषेपुरता झालेला बदल नेमका आहे: ‘टेकऑफ’ हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना उच्चारायचा, एरवी सगळीकडे ‘डिपार्चर’. महत्त्वाची सूचना मिळाली की नुसतं ‘ओके’ चालत नाही, ती शब्दशः परत वाचावी लागते. रेडिओवर नऊला ‘नायनर’ म्हणतात, कारण ‘नाइन’ आणि ‘फाइव्ह’ खरखरीमध्ये एकसारखे ऐकू येतात. होकाराला ‘अफर्मेटिव्ह’ न म्हणता ‘अफर्म’ म्हणतात. सुरुवात हुकली तर ‘अफर्मेटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ यांच्या शेपट्या सारख्याच उरतात. रोजच्या भाषेत कुणी इतकं करत नाही, करूही नये. निघताना ‘येतो’ म्हणणारा माणूस येत नसून जात आहे, हे घरातल्या सगळ्यांना बरोबर कळतं. एवढा ऐसपैसपणा धावपट्टीवर परवडत नाही, इतकंच.

आणि जिथे सांधाच कुणी दिलेला नाही, तिथे? निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कर्णबधिर मुलं आपापल्या घरात एकेकटी वाढत. घरच्यांशी खाणाखुणांवर निभावत. 1977 साली मानाग्वामध्ये त्यांच्यासाठी शाळा सुरू झाली, 1980 नंतर मुलांची संख्या वाढली. शिक्षक ओठांच्या हालचाली वाचायला शिकवत होते, त्याला विशेष यश नव्हतं. मुलं मात्र मैदानात आणि बसमध्ये आपसात हातांनी बोलत होती, आणि दर वर्षी येणारी लहान मुलं ते उचलून पुढे नेत होती. 2004 साली अ‍ॅन सेंगास आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या तुकड्यांतल्या माणसांना एक कार्टून दाखवून गोष्ट सांगायला लावली. त्यात एक मांजर उतारावरून गडगडत खाली जातं. पहिल्या तुकडीतले बहुतेक जण हाताने एकच हालचाल करत: गोल फिरवत फिरवत हात खाली. ऐकू येणारी माणसं बोलता बोलता जसा हात फिरवतात, तसाच. त्यात घटना जशीच्या तशी उतरते. नंतरच्या तुकड्यांत लहानपणीच आलेल्यांनी ती हालचाल फोडली: आधी ‘गडगडणं’ जागच्या जागी, मग ‘खाली जाणं’ सरळ रेषेत. जगात या दोन गोष्टी सुट्या घडत नाहीत. पण अशी फोड झाली की ‘गडगडत वर’, ‘घसरत खाली’, ‘नाचत पलीकडे’ असं न पाहिलेलं काहीही जोडून सांगता येतं. याची एक किंमत होती. दोन्ही खुणा सुट्या सुट्या केल्यावर, मांजर आधी गडगडलं आणि नंतर खाली गेलं, असा अर्थ निघू लागला. मुलांनी त्यावरही तोड काढली. ती दाखवत: गडगडणं, खाली, गडगडणं. पहिली खूण शेवटी पुन्हा आली की दोन्ही एकाच वेळी घडलं असं समजायचं. हा नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता, आणि पहिल्या तुकडीतले बरेचसे मोठे लोक पुढेही आपला हात गोल फिरवतच खाली नेत राहिले.